धुरीकाकींचं गवत कापायचं मशीन

धुरीकाकी पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायच्या ते खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं. लिटरभर पाण्याची प्लॅस्टिकची बाटली, तिच्यात पेट्रोल, आणि वरून मोजून चार झाकणं ऑइल. गवत कापायच्या जुन्या टू-स्ट्रोक यंत्रांना ऑइल असं पेट्रोलातूनच पाजावं लागतं. कमी पडलं तर पिस्टन आवळतो, जास्त झालं तर नुसता धूर. काकी बाटली दोन्ही हातांनी हलवायच्या, उजेडाकडे धरून बघायच्या आणि म्हणायच्या, "चार झाकणां. पाचवा घातलंस काय वाट लागली." हे त्या फक्त इंजिनाबद्दल म्हणत नसत. सरपंचबाईंच्या लांबलेल्या भाषणाबद्दल म्हणायच्या, आरतीत सूर ताणणाऱ्या बुवांबद्दल म्हणायच्या, आणि कोणी त्यांचं जास्त कौतुक करायला लागलं की त्याच्या तोंडावरही म्हणायच्या.

मी त्यांच्या गावचा ग्रामसेवक होतो. मूळचा वैभववाडीचा, समुद्राकाठची ही माझी पहिलीच नेमणूक. आचऱ्याच्या अलीकडचं लहानसं गाव. खाली माड आणि भातशेती, वर सडा, म्हणजे मैलभर पसरलेला सपाट जांभ्याचा कातळ, आणि सड्याच्या पल्याड लोकांची काजूची कलमं, म्हणजे बागा. काकींचंही कलम तिथेच होतं. रुजू होऊन मला आठवडा झाला नव्हता तोच टेबलावर तक्रार आली. तक्रारदार परबसाहेब. मुंबईत एका कचेरीत मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त होऊन शांततेसाठी गावी परतलेले आणि काकींच्या अगदी शेजारी घर बांधून राहिलेले. तक्रारीत तीन मुद्दे होते: आवाज, धूर, आणि त्यांचं नवीन लावलेलं शोभेचं कुंपण 'विनापरवाना वाहनाने' आडवं केलं गेलं होतं.

मी काही बघायला गेलो नाही. नवा होतो, हात शिवशिवत होते. सरळ नोटीस लिहिली आणि घेऊन गेलो. काकी पडवीत पाय पसरून बसल्या होत्या. पुढ्यात सूप, सुपात इंजिनाचे सुटे भाग डावीकडून उजवीकडे ओळीनं मांडलेले. नववारीचा पदर खोचलेला, कोपरापर्यंत काळे हात.

"काकी, नोटीस आहे."

"वाचा. माझे हात बघतास मां?"

मी वाचलं. श्रीमती इंदुमती धुरी यांनी विनापरवाना यांत्रिक वाहन चालविल्याबाबत सात दिवसांत लेखी खुलासा करावा. काकींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"ह्या वाहन खंय आसा?"

मी अंगणात बोट दाखवलं. तिथे लोखंडी खाटेचा सांगाडा चार चाकांवर उभा होता. वर पाय कापलेली प्लॅस्टिकची खुर्ची बसवलेली, तिच्या मागे इंजिन.

"ता गवत कापूचा मशीन," काकी म्हणाल्या. "इंजिनार कंपनीन लिवलाहा. बघा जावन."

मी गेलो. इंजिनाच्या टोपणावर पुसट झालेला कागद होता आणि त्यावर खरोखरच गवताच्या पात्यांचं चित्र होतं.

"मग पातं कुठे आहे?"

"काढून ठेवलंय. कोणाचो पाय कापलो तर तुमी परत नोटीस घेवन येतलास." मग माझ्याकडे कागद सरकवून म्हणाल्या, "खुलासो तुमीच लिवा. तुमचा अक्षर बरा आसा."

आणि मी लिहिला. आजही मला त्याचं नवल वाटतं. त्यांच्याच ओट्यावर बसून मी माझ्या नोटिशीला उत्तर लिहिलं: 'सदर वस्तू वाहन नसून गवत कापण्याचे यंत्र आहे. पाते सुरक्षिततेच्या कारणास्तव घरी काढून ठेवले आहे.' काकींनी अंगठा आणि बोटं पदराला पुसून सही केली. "सुरक्षिततेच्या कारणास्तव," त्या हळूच पुन्हा म्हणाल्या. "ह्या झ्याक लिवलात."

परबसाहेब असे सोडणारे नव्हते. त्यांनी दुसरा अर्ज दिला, मी दुसरी नोटीस दिली: यंत्र गवत कापण्याचे असल्यास आपण त्यावर बसता का? काकी म्हणाल्या, "ढोपरां दुखतत." मी लिहिलं, 'गुडघेदुखीमुळे.' तिसरी नोटीस: यंत्र इतक्या वेगाने का चालविता? काकींनी थोडा विचार केला. "गवत लांब आसा."

पुढे दप्तर तपासणीला आलेल्या साहेबांनी ती फाइल उघडली आणि विचारलं, "नोटीस आणि खुलासा, दोन्हींचं अक्षर सारखं कसं?" मी म्हणालो, "गावात सुवाच्य लिहिणारा मी एकटाच आहे." साहेबांनी तिन्ही खुलासे वाचले, एकदा हसू दाबलं आणि फाइल मिटली.

गुडघ्यांचं मात्र खोटं नव्हतं. काकींचं वय तेव्हा अडुसष्ट. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा सुहास ठाण्याला इंजिनियर. घरी त्या एकट्या. सडा तुडवत कलमात जायचं त्यांना होईना. काजूची बी पडायच्या दिवसांत रोज जावं लागतं, नाहीतर अर्धी बी माकडं आणि उरलेली शेजारी नेतात. सुहासचं म्हणणं होतं की कलम कोणाला तरी ठेक्यानं द्यावं आणि आईनं ठाण्याला यावं. काकींचं म्हणणं होतं की कलम ठेक्यानं दिलं की माणूसही ठेक्यानं दिल्यासारखाच होतो.

इंजिनाची विद्या त्यांना रागातून आली होती. त्यांचं गवत कापायचं मशीन बिघडलं की तालुक्याच्या दुकानात जायचं आणि गवत वाळून गेल्यावर परत यायचं. दोनदा असं झाल्यावर तिसऱ्यांदा त्यांनी ते स्वतःच सुपात उघडलं. काढताना डावीकडून उजवीकडे मांडायचं, जोडताना उजवीकडून डावीकडे उचलायचं, एवढा एकच नियम. "तांदूळ निवडतत तसा," त्या म्हणायच्या. "खडो दिसता. दिसाकच होयो." दोन पावसाळ्यांत वाडीतली सगळी मशीनं त्यांच्या पडवीत यायला लागली.

मग किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टनं हिरवळ कापायची आपली जुनी टू-स्ट्रोक यंत्रं भंगारात काढली. काकींनी भंगारवाल्याला मोडकी बादली, नांगराचे फाळ आणि गंजलेला पाण्याचा पंप दिला आणि वजनाला वजन दोन यंत्रं उतरवून घेतली. अडचण नंतर कळली. या यंत्राचं पातं जमिनीलगत आडवं फिरतं, म्हणून इंजिनाचा दांडा उभा असतो. गाडीच्या चाकांना दांडा हवा आडवा. काकींनी आधी इंजिनच आडवं पाडून बघितलं. कार्बोरेटरमधून पेट्रोल खाली सांडलं. "माणूस उताणो झालो तर जेवता?" असं म्हणून त्यांनी ते परत उभं केलं आणि चार दिवस त्याच्याचकडे बघत बसल्या.

पाचव्या दिवशी त्या भाताच्या गिरणीत गेल्या होत्या. तिथे मोटारीचा पट्टा एका चाकावरून उभा निघून, मध्ये पीळ घेऊन, दुसऱ्या चाकावर आडवा बसत होता. काकी भात तिथेच टाकून पट्ट्याकडे बघत उभ्या राहिल्या. गिरणीवाल्यानं विचारलं, "काकी, काय हरवला?" त्या म्हणाल्या, "हरवला हुता. गावला." घरी येऊन त्यांनी इंजिनाच्या उभ्या दांड्यापासून मागच्या आडव्या आसापर्यंत तसाच पीळ दिलेला पट्टा चढवला. पट्टा सैल असला की गाडी उभी. मुसळाच्या तुकड्याची मूठ बसवलेला दांडा ओढला की एक लहान चाक पट्ट्यावर दाबलं जायचं, पट्टा ताणला जायचा आणि गाडी निघायची. सगळं जमलं. फक्त ब्रेक करायचा राहिला होता, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा परबसाहेबांचं कुंपण चार हातांवर होतं.

अखेर प्रकरण ग्रामसभेत गेलं. सरपंचबाईंनी दोघांचं ऐकून तोडगा काढला: सड्यावर यंत्र चालवायला हरकत नाही, पण डांबरी रस्त्यावर इंजिन बंद ठेवायचं. काकींच्या घरापासून सड्याच्या पायवाटेपर्यंत शंभर-दीडशे पावलांचा डांबरी रस्ता होता. दुसऱ्या दिवशी सकाळी परबसाहेब नियम पाळला जातो की नाही हे बघायला फाटकात उभे राहिले. काकी इंजिन बंद ठेवून गाडी ढकलत निघाल्या. दहा पावलांवर थांबल्या, गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "परबांनु, बघूकच उभे रवलास तर एक हात लावा."

परबसाहेबांनी हात लावला. तिसऱ्या दिवशी त्यांना विचारायची गरज पडली नाही. पंधरा दिवसांनी ते स्वतःच सहाला फाटकात हजर असत आणि काकींना उशीर झाला तर घड्याळ दाखवत.

मग एका रविवारी काकींनी त्यांना सड्यावर बोलावलं. नवा ब्रेक बसवला होता. तो जड माणसाला पेलतो का ते बघायचं होतं. "गावात तुमच्या वजनाचा माणूस दुसरा नाय," त्या म्हणाल्या. परबसाहेब फसले. ते खुर्चीत टेकले, काकींनी मुठीचा दांडा ओढून खिळ्यात अडकवला आणि बाजूला झाल्या. मी तिथेच होतो. आयुष्यात कधी सायकलही न चालवलेला तो माणूस दोन्ही हातांनी हँडल आवळून कातळावरून सुसाट गेला. लांबवर एकटं आंब्याचं झाड आहे, त्याला वळसा घालून परत आला. टोपी उडालेली, चष्मा नाकाच्या टोकाला. ब्रेक लागला. परबसाहेब उतरले, शर्ट खाली ओढला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि गंभीरपणे म्हणाले, "डावीकडे जरा ओढतेय."

आठ दिवसांत दुसऱ्या गाडीचं काम सुरू झालं. सांगाड्याला लागणारं लोखंड परबसाहेबांच्याच कुंपणातून आलं.

त्यानंतर दर रविवारी सकाळी सड्यावर शर्यत. मी सरकारी माणूस म्हणून गाडीत कधी बसलो नाही, पण रुमाल हलवून सुरुवात करून द्यायचो. पहिल्या तीन शर्यती काकींनी जिंकल्या. चौथीत परबसाहेब पुढे होते. निम्म्या वाटेवर त्यांच्या गाडीनं धुराचा लोट सोडला, दोनदा उचकी दिली आणि बंद पडली. काकी हात हलवत शेजारून पुढे गेल्या. परबसाहेबांनी प्लग काढला तर तो तेलानं चिंब. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी आभाळाकडे. पेट्रोल दोघांचं काकीच मिसळत असत.

"किती झाकणं घातलीत?" त्यांनी काकींना विचारलं.

"म्हातारपणात मोजूक चुकता," काकी म्हणाल्या.

पुढच्या रविवारी परबसाहेब आले ते स्वतःची बाटली आणि स्वतःचं झाकण घेऊन.

या शर्यतीचा व्हिडिओ कोणीतरी काढला आणि तो फिरत फिरत ठाण्याला सुहासच्या मोबाइलवर पोचला. मे महिन्यात तो रजा टाकून आला. शांत, समंजस मुलगा. मला आधी भेटला आणि म्हणाला, "भाऊसाहेब, या वेळी मी आईला घेऊनच जाणार. ती पडली, तर मला कळायला किती वेळ लागेल सांगा." त्याचं खरंच होतं.

संध्याकाळी पडवीत मायलेकांचं बोलणं झालं. मी साक्षीदार. सुहास न चिडता एकेक गोष्ट सांगत होता: वय, गुडघे, एकटेपण. काकी ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "झिला, एक काम कर. उद्या सकाळी माझी गाडी तू चालव. सड्यावरसून कलमापर्यंत न्हे. नेलंस तर मी तुझ्यावांगडा ठाण्याक येतंय. नाय जमला तर ह्यो विषय परत काढू नको."

सुहास हसला. इंजिनियर माणूस. म्हणाला, "ठरलं."

सकाळी आम्ही चौघं सड्यावर गेलो. सुहास आणि परबसाहेब मागून बोलत येत होते. काकी गाडीवर पुढे गेल्या होत्या आणि मी त्यांच्यापाठोपाठ चालत होतो. गाडी थांबवताना काकींनी इंजिन बंद केलं नाही. वाकून टाकीखालची पेट्रोलची तोटी बंद केली. इंजिन थोडा वेळ चाललं, मग खोकलं आणि आपोआप विझलं. म्हणजे आता कार्बोरेटरमध्ये थेंबही नव्हता. काकींनी वळून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत विनंती नव्हती, हुकूम होता.

सुहासनं दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. दहा वेळा ओढली. प्लग काढला, पुसला, बसवला. शर्ट काढून ठेवला. परबसाहेब बाजूनं सूचना करत होते, त्यातली एकही उपयोगाची नव्हती. मी मोजत होतो. बावीस वेळा दोरी ओढून सुहास कातळावर बसला, घाम पुसत म्हणाला, "आये, नाय जमत."

काकी उठल्या. पदर सावरायच्या निमित्तानं गाडीवर वाकल्या, हात टाकीखालून गेला. क्षणभर थांबल्या, पेट्रोल उतरू दिलं, मग दोरीला एक झटका दिला. इंजिन सुरू झालं. त्या खुर्चीत बसल्या आणि कलमाकडे निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सुहासला सोडायला मी एसटीच्या थांब्यावर गेलो. माझं मन मला खात होतं. एका मुलाला त्याच्या आईबद्दलच्या काळजीत आपण फसवू दिलं. गाडी यायच्या आत मी सांगून टाकलं, "सुहास, काल पेट्रोलची तोटी बंद होती."

"माहीत आहे," तो म्हणाला. "तिसऱ्या ओढीला कळलं मला."

"मग पुढे बावीसपर्यंत कशाला ओढलीत?"

त्यानं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "मी सकाळी आठला घर सोडतो, परत येईपर्यंत अंधार पडतो. सातव्या मजल्यावर ती दिवसभर काय करील? आल्यापासून तिला बघत होतो. ती आजारी माणसासारखी दिसत नव्हती, भाऊसाहेब. पण मी माघार घेतली असती तर तिनं मला ती घेऊ दिली नसती. तिला जिंकायचं होतं." मग एसटी आली. चढताना तो म्हणाला, "तिला सांगू नका."

मी सांगितलं नाही. तीन वर्षं ती गोष्ट पोटात ठेवली आणि मनातल्या मनात ऐट करत राहिलो की या घरातलं सगळं फक्त मलाच ठाऊक आहे. मग माझी बदली झाली, पुन्हा वैभववाडीकडे. निरोप घ्यायला गेलो तेव्हा काकी सुपापुढेच बसल्या होत्या. पहिल्या दिवसांत त्या मला तुमी म्हणायच्या, आता कधीपासून तू म्हणत होत्या. चहा झाला. उठताना मला राहवलं नाही. म्हटलं, "काकी, सुहासला त्या दिवशी फसवलंत, त्याचं कधी वाईट वाटलं का?"

काकींनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी उताणं इंजिन सुरू करायला बघतोय.

"कोणाक फसवलंय? इंजिनेर आसा माझो झील. तोटी बंद आसा ह्या तेका कळूचा नाय? बावीस येळा दोरी कोण ओढता, मेल्या?"

"मग तुम्हाला ठाऊक होतं?"

"सहाव्या ओढीक कळला. तो जोर लावीच नव्हतो. नुसती दोरी ओढी हुतो." त्या हातातला वॉशर फडक्यानं पुसत राहिल्या. "तेका वाटता माका कळूक नाय. रवांदे. कळला म्हणान सांगलंय तर तेका परत काळजी सुरू होतली."

मी पायऱ्या उतरलो. तिघांमध्ये एकच माणूस फसला होता आणि तो नोटिसा काढणारा होता.

दीड वर्षानं, काजूच्या ऐन हंगामात, काकी गेल्या. चार दिवस ताप आला, पाचव्या दिवशी पहाटे घरीच. परबसाहेबांनी फोन केला. नेहमी शुद्ध बोलणारे परबसाहेब त्या दिवशी म्हणाले, "भाऊसायब, आपली काकी गेली," आणि फोन ठेवला. मी निघालो, पण पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. सुहास पडवीत बसला होता. दिवसकार्य झाल्यावर तो ठाण्याला गेला नाही. महिनाभर रजा वाढवून राहिला आणि सगळी बी स्वतः वेचली. कलम ठेक्यानं दिलं नाही. आता तो दर वर्षी त्या दिवसांत येतो. एरवी परबसाहेब लक्ष ठेवतात.

मागच्या मार्गशीर्षात मी सहज तिकडे गेलो होतो. दोन्ही गाड्या परबसाहेबांच्या पडवीत ताडपत्रीखाली झाकलेल्या होत्या. ते कोणाला हात लावू देत नाहीत म्हणून ऐकलं होतं. पण सकाळी त्यांनी मला उठवलं, काकींची गाडी बाहेर काढली आणि आम्ही सड्यावर गेलो.

"बसा," ते म्हणाले. "आता तुम्ही या गावचे कोणी नाही. बसायला हरकत नाही."

मी बसलो. खुर्ची इतकी खाली होती की कातळ नाकाला लागेल असं वाटलं. दांडा ओढला. गाडी अशी सुटली की माझ्या तोंडातून आवाज निघाला, तो ओरडण्याचा की हसण्याचा ते मला अजून ठरवता आलेलं नाही. वाळलेलं गवत दोन्ही बाजूंनी मागे पळत होतं, डोळ्यांत पाणी येत होतं, आणि मागून परबसाहेब काहीतरी सूचना करत होते त्या ऐकू येत नव्हत्या. काकींच्या कलमाचा गडगा, दगडी बांध, दिसायला लागला. तिथे उतरायचं, जरा बसायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. पोचलो, आणि उतरलो नाही. गडग्यापाशीच हँडल वळवलं आणि आणखी एक फेरी मारायला निघालो.